मनुक्याच्या जागी मोहफूल

आमच्या घराण्यात कोणी गेलं की तेरवीच्या दिवशी, पंगत उठल्यावर, मला मांडवात मधोमध बसवतात आणि म्हणतात, "मास्तर, सांगा आता." मग मी गेलेल्या माणसाच्या चार गोष्टी सांगतो. माणूस जिवंतपणी कसाही असो, माझ्या तोंडून तो बरा होऊन निघतो. एका काकाने जन्मात आरमोरीच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. त्याला मी छत्री उघडून वाघ पळवायला लावला आहे. वाघ खरा होता, छत्रीही खरी होती, दोघांची भेट तेवढी माझी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी हसतात, डोळे पुसतात, सुपारी तोंडात टाकून घरी जातात. या गुणाचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं. पन्नाशी उलटली, केस गेले, दाढा हलायला लागल्या, पण जीभ शाबूत आहे, असं मी लोकांना न विचारता सांगत फिरायचो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत याच जिभेने माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं जेवण बंद केलं.

ज्येष्ठ लागला तेव्हा तो माझ्या घरी, ओसरीतल्या खाटेवर बसून असायचा. सकाळी चहा, दुपारी चहा, माझ्या बायकोने फारच धरलं तर पेजेचे दोन घोट. तलावात छातीभर पाण्यात अर्धा दिवस उभं राहून जाळं ओढणारा माणूस. आता त्याच्या गळ्याखालच्या खळग्यात पाणी ओतलं तर साचून राहील, असं वाटायचं. त्यालाही कोरोना होऊन गेला होता, साधाच. डॉक्टरने फोनवर सांगितलं, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर हा माणूस हातचा जाईल. हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या पाहिल्या तरी कळत होतं.

अशातच आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आदेश आला. घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरलेल्या शिक्षकांच्या मनावर ताण आला असणार, तर तो सात दिवसांत घालवायचा होता. ऑनलाइन. रोज अकरा ते पावणेबारा, कॅमेरा चालू, संपल्यावर स्क्रीनशॉट ग्रुपवर. सजगतेचा कार्यक्रम म्हणे. ग्रुपवर त्या दिवसांत इतक्या मरणाच्या बातम्या यायच्या, की आमच्या एका सरांनी लिंक न उघडताच खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं. त्यांच्यामागे अकरा जणांनी हात जोडले. अकरावा मी.

पहिल्या दिवशी मी ओसरीत खुर्ची घेतली, फोन माठाला टेकवला आणि बसलो. पडद्यावर पन्नास-साठ चौकोन. कुणाचं नुसतं कपाळ, कुणाचा छताचा पंखा, कुणाच्या खांद्यामागे उभी बकरी. शिकवणारी ताई पुण्याकडची असावी. आवाज दुधावरच्या सायीसारखा. ती म्हणाली, "आधी तोंडाने एक मोठा श्वास सोडूया. हा... असा आवाज करत."

माझ्या गालात खर्रा होता. आमच्याकडच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा ऐवज एकदा तोंडात गेला, की पुढची वीस मिनिटं माणूस मानेने बोलतो. मी 'हा' केलं असतं तर माठ, फोन आणि पुण्याची ताई, तिघांनाही धुवावं लागलं असतं. मी ओठ घट्ट मिटले, सोबत डोळेही मिटले. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "ते आरमोरीचे सर बघा, किती शांत बसलेत." गप्प बसल्याबद्दल माझं कौतुक होण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ.

तेवढ्यात खाटेवरून भाऊ बोलला. दोन दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"हे बाई एवढ्या हळू काऊन बोलून राह्यली? तिच्या घरी कोनी निजलं हाये का?"

आत भांडी घासणारी माझी बायको तशीच ओल्या हातांनी दारात आली. डोईवर पदर ओढला आणि मला म्हणाली, "आयकलं का? बोलले ते. उद्या त्यायलेबी बसवा तुमच्या संगं."

ती हे मलाच म्हणणार. आमच्यात नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, भासऱ्याशी, बाई थेट बोलत नाही. तिघं एका ओसरीत असलो तरी ती मला म्हणते, "त्यायले सांगा," आणि तो मला म्हणतो, "तिले सांग." हातभर अंतरावरचा निरोप माझ्या तोंडून जातो. घरचं टपालखातं म्हणजे मीच. लहानपणी मायबापातही मीच होतो. टपाल पोचवता पोचवता पाकीट फोडून आत दोन ओळी आपल्या घालायची सवय मला तिथूनच लागली असणार.

त्या टपालाचं काय झालं ते आता सांगतो.

चैत्र सरता सरता भाऊ आणि वहिनी दोघंही तापाने पडली. त्यांचं गाव आरमोरीपासून थोडं आत, तलावाच्या काठाला. भाऊ जाळं टाकायचा, वहिनी मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार करायची. थोडं धान होतं. मूलबाळ नाही. भावाचा ताप उतरला, वहिनीला दम लागला. गावाने रस्त्यावर बांबू आडवे टाकून वाट बंद केली होती आणि भावाला गावाबाहेर पडायला मनाई होती. माझ्याकडे ड्युटीचा पास. म्हणून वहिनीला जिल्ह्याच्या कोविड सेंटरला गाडीतून मी नेलं. बांबूपाशी अंगावर चादर घेऊन भाऊ उभा होता. त्याने मला एकच काम सांगितलं.

"बाबू, तिथी ती जेवली का ते पाह्य, अन् मले फोन कर. तुहा फोन आला का मंग मी जेवीन."

तीस वर्षं ती त्याच्या मागून जेवली होती. तो कितीही उशिरा तलावावरून येवो, तिचं ताट पालथंच. आता त्याने उलटं ठरवलं होतं, आणि आमचा भाऊ एकदा ठरवतो तेव्हा तलावातली मासोळीही वाट बदलते.

पहिल्या दिवशी मी फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. किटमध्ये गुंडाळलेल्या एक नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "हो, जेवल्या थोडंसं." मी भावाला फोन लावला. जेवली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "का होतं?" मी म्हणालो, "वरण-भात." तो वरण-भात माझा. काय जेवल्या ते नर्सबाई बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कोणी आलं नाही. आतली माणसं पडेपर्यंत राबत होती. बाहेर येऊन अमकी जेवली, तमकी जेवली हे सांगायला कुणाला उसंत असणार? वहिनीजवळ फोन नव्हता, असता तरी तिला लावता आला नसता. इकडे भाऊ नुकता तापातून उठलेला, उपाशी. बारा वाजले. मी फोन लावला आणि म्हणालो, "जेवली."

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, मीठ कमी आहे म्हणाली. चौथ्या दिवशी सांगितलं, "म्हने, ह्या लोकायले भाजी येत नाई. मले चुलीपाशी जाऊ द्या, मी दाखवतो." भाऊ फोनवर खोकत खोकत हसला. "म्हननारच ते! कोनाच्या हातचं आवडलं तिले आजवर?" आणि शेजारणीने दिलेली भाकर त्या दिवशी त्याने दोन खाल्ल्या. फोन ठेवून मी कडुनिंबाखाली एकटाच खूश झालो. काय जमलं, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आठव्या दिवशी बारा वाजता मी सांगितलं, आज दोन पोळ्या खाल्ल्या. दुपारी पावणेदोनला मला कळलं, की वहिनी सकाळी नऊ वाजताच गेली होती. तिसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि तोंडाने खाणं असं फारसं काही झालंच नव्हतं.

मी भावाला फोन केला. वेळ लपवायला हवी होती, पण नेमकी तेव्हाच माझी जीभ खरं बोलली. सकाळी नऊला, म्हणालो. मग तो म्हणाला, "नवाले?"

"हाव."

"मी आत्ता जेवलो ना बाबू. शेजारनीनं मरळीचा रस्सा देल्ला होता. बोटं चाटली मी."

आमच्या गावात कुणाच्या घरी मढं असलं, तर ते उठेपर्यंत अख्ख्या आळीत चूल पेटत नाही. लहान पोराला भूक लागलीच तर त्याला आडोशाला नेऊन मूठभर मुरमुरे देतात, आणि देणारी बाई इकडेतिकडे पाहते. इथे खुद्द नवरा, बायको मरून पडलेली असताना, मासोळी खाऊन बोटं चाटून उठला होता. मी खाऊ घातलं होतं म्हणून.

मढं गावाला आणता आलं नाही. तिथल्याच घाटावर, किटमधल्या माणसांनी केलं; मी रस्त्यापलीकडून पाहिलं. तेरवी झाली नाही. भावाची मनाई संपल्यावर मी त्याला आरमोरीला घेऊन आलो. त्याने मला शिवी दिली नाही, बोल लावला नाही. ताट समोर आलं की तो त्याच्याकडे पाहायचा, आणि थोड्या वेळाने हाताच्या पाठीने ते सरकवायचा. हळूच, सांडणार नाही असं.

म्हणून बायको म्हणाली तेव्हा दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनसमोर बसवलं. आदेशच आहे, घरचा एक माणूस सोबत लागतो, नाहीतर माझी हजेरी लागत नाही, असं सांगून. असा काही आदेश नव्हता. इतकं होऊनही माझं चालूच होतं.

त्या दिवशी ताई म्हणाली, "डोळ्यांसमोर एक समुद्रकिनारा आणा. लाटा येतायत, जातायत."

भाऊ डोळे मिटूनच कुजबुजला, "म्या तं समुद्र पाह्यला नाई."

"मंग तलाव आन," मी म्हणालो.

 त्याने डोळे उघडले. "तलाव आनला तं जाळं येते. जाळं आलं तं काठाच्या पाळीवर टोपली येते. बंद कर ते."

तिसरा दिवस श्वासाचा होता. नुसतं पाहायचं, श्वास आत जातोय, बाहेर येतोय, बदलायचा नाही. तोवर दोन महिने आम्ही सगळे तेच करत आलो होतो, प्रत्येक घरी बोटाला यंत्र लावून. पडद्यावर कोरपन्याकडचे एक सर होते. त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. माइक बंद होता, त्यामुळे आवाज आला नाही. नुसता चौकोन हलत होता. ताईने त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी माइक लावला आणि म्हणाले, "मॅडम, श्वास सोडून दुसरं काही पाहायला सांगा ना." ताईचा सायीचा आवाज फाटला. "सर, मला... मलाही सध्या जमत नाही," ती म्हणाली. नंतर कॅमेऱ्यातून बाजूला झाली, आणि परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. त्यानंतर मी तिच्या आवाजाची नक्कल करणं सोडलं. तोवर बायकोला दोनदा करून दाखवली होती.

भाऊ मध्येच उठून गेला होता. परसात जाऊन भिंतीला टेकून उभा होता. "तिचं पोट खालवर होऊन राह्यलं होतं बाबू, कोंबडीच्या पिल्लावानी," तो म्हणाला. "दिसभर तेच पाह्यलं म्या. आता माहा श्वास पाहून का करू?"

त्या दुपारी बायकोने रीत मोडली. ताट घेऊन खाटेसमोर बसली, पदर डोईवर होता, पण मध्ये मी नव्हतो. "दादा, जेवा जी. माह्या हातचं कडू लागते का तुमाले?"

भाऊ दचकला. तीस वर्षांत तिने त्याला हाक मारली नव्हती. "नाई वो माय," तो म्हणाला. "तुहं कायले कडू लागन? माहं तोंडच बाटलं हाये."

ताट परत गेलं. चौथ्या दिवशी त्याने चहाही अर्धा ठेवला. उठून उभा राहिला तर खांब धरावा लागला. बायकोने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "तुमी काही करा. कालपासून त्यायच्या अंगाले वास येऊन राह्यला, उपाशी मानसाचा." मला तो वास माहीत होता. मी खोटंच म्हणालो, काही होत नाही.

पाचव्या दिवशी मनुका आणायला सांगितला होता. एक मनुका सजगपणे खायचा, असा तो पाठ. दुकानं अकरापर्यंत उघडी, पण आमच्या बाजूच्या किराण्यात मनुका नव्हता; काजूसुद्धा दिवाळीला मागवतो, मास्तर, असं दुकानदार म्हणाला. बायको म्हणाली, "मोहफूल घ्या ना. वाळलं का मनुक्यावानीच दिसते." तिने फडताळातल्या डब्यातून दोन सुकी मोहफुलं काढली, एक माझ्या हातावर, एक भावाच्या. पुण्याच्या ताईला लांबून काय कळणार?

भावाने ते फूल चिमटीत धरलं आणि उजेडाकडे नेलं.

"हे आमच्या घरचं हाये," तो म्हणाला.

होतंच. दर वर्षी वहिनी वेचून, वाळवून आम्हाला पाठवायची. इतर बाया मोह बडवून आतले केसर काढतात, अर्धे राहतात. वहिनी एकेक फूल बोटाने साफ करायची. यंदाचं तिने फाल्गुनात वेचलं होतं, आणि ताप यायच्या आठवडाभर आधी डबा पाठवला होता. बायकोच्या ध्यानात नव्हतं. माझ्या तर नाहीच.

ताईचं सुरू झालं होतं. "मनुका तळहातावर ठेवा. त्याच्याकडे असं बघा, जणू पहिल्यांदाच बघताय. तो कुणाच्या हातांतून तुमच्यापर्यंत आला, ते आठवा. पण गोष्ट रचू नका. जे तुम्हाला ठाऊक आहे तेवढंच बघा. त्यात काही घालू नका, त्यातून काही काढू नका."

भाऊ फुलाकडे पाहत होता. मान न उचलता म्हणाला, "मास्तर, आयकलं का बाई का म्हनते? रचू नोको म्हनते."

त्याने मला मास्तर म्हटलं होतं. गावातले म्हणतात; तो कधी म्हणत नाही.

"हाव," मी म्हणालो.

"मंग सांग. तिचं सांग मले. पाह्यलं तेवढंच."

मी घसा साफ केला. गोष्ट सांगताना मी नेहमी करतो तसाच. ते मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो. मग जसं येईल तसं सांगायला लागलो. गाडीत मागच्या सीटवर ती आडवी होती. वडसा फाट्यापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, कोंबड्या कोंडल्या का. मी म्हणालो, हो. मला माहीत नव्हतं.

"नोत्या कोंडल्या," भाऊ म्हणाला. "मंग?"

फाटकापाशी चाकाची खुर्ची आणली. दोघांनी तिला उचलून बसवलं. डाव्या पायातली चप्पल गळून पडली. खुर्ची पुढे गेली. तिने मागे पाहिलं नाही.

"तुले काही बोलली?"

"नाई."

"माह्यासाठी काही?"

इथे माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. चांगलं वाक्य होतं. ते आयुष्यभर पुरलं असतं त्याला. मी ते गिळलं.

"नाई भाऊ. दम लागला होता. काहीच नाई बोलली."

"मंग कवा पाह्यलं तिले?"

"नाई पाह्यलं."

"आठ दिवस?"

"नाई."

"मीठ कमी हाये म्हनली ते?"

"माहं."

"चुलीपाशी जाऊ द्या म्हनली ते?"

"तेबी माहं."

"अन् पोळ्या?"

मी मान हलवली. त्याने ती पाहिली नाही, तो फुलाकडेच पाहत होता. म्हणून तोंडाने म्हणावं लागलं. मग जे त्याने विचारलं नव्हतं तेही सांगितलं, कारण ते काढून ठेवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. आठव्या दिवशी मी सेंटरवर गेलोच नव्हतो. इकडेच एका वस्तीत सर्वेक्षण होतं. सकाळी साडेनऊपासून तीन फोन आले, नंबर अनोळखी. मी उचलले नाहीत. म्हटलं, कोणी तरी यादी मागत असेल. बारा वाजता एका घराच्या सावलीत उभं राहून मी त्याला पोळ्यांचं सांगितलं, आणि पावणेदोनला चौथा फोन उचलला.

"उचलला असता तं..." भाऊ म्हणाला.

"तुले दहाच्या आत कळलं असतं."

 तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की फोनमधून काही आवाज येत नाही. मी पाहिलं. आमचा माइक चालू होता. साठ चौकोन. कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा. सगळे तसेच बसले होते. ताई कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, खाली पाहत होती. तिच्या हातावर मनुका असावा. मग ती म्हणाली, "आज इथेच थांबूया का?" एरवीसारखे धन्यवाद मॅडम, धन्यवाद मॅडम झालं नाही. चौकोन एकेक करून विझले. स्क्रीनशॉट राहिला.

"चप्पल?" भावाने विचारलं.

"पहारेकऱ्याजवळ देल्ली."

"त्यानं नेऊन देल्ली तिले?"

"माहीत नाई."

"ऊन होतं तवा," तो म्हणाला. एवढंच. मग मोहफूल तोंडात टाकलं. चावलं की नाही ते कळलं नाही. जबडा हलला नाही, गळ्याची घाटी तेवढी एकदा वर गेली आणि खाली आली. खांब धरून उठला, मोरीवर जाऊन हात धुतले, चूळ भरली. परत येताना माझ्याजवळून गेला आणि आतल्या दाराशी थांबून, माझ्या बायकोला, थेट तिलाच म्हणाला, "वाढ."

मी खुर्चीतून उठलो.

"तू बस इथीच," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

मी बसलो. ताट ठेवल्याचा आवाज आला. भात होता आणि वरण, खरंच.  थोड्या वेळाने पाट सरकला आणि तो घाईने परसात गेला. ओकल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. वीसेक दिवसांच्या रिकाम्या पोटाला भात पेलवला नसणार. मी दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. बस म्हणाला होता. बायको तांब्या घेऊन त्याच्यामागे धावली. पाणी ओतल्याचा, चूळ भरल्याचा, धापेचा आवाज.

"दादा, राहू द्या आता," ती म्हणत होती. "सांजेले पेज करतो. जबरदस्ती नोका करू."

"नाई," तो म्हणाला. "हे काढ अन् दुसरं वाढ. थोडं वाढ."

तो परत येऊन पाटावर बसला. मी बाहेर ओसरीत, माठाला टेकलेल्या फोनकडे तोंड करून बसून राहिलो.